डेन्मार्कात कुणी आग्रहच करत नाही

पत्राचा सारांश: मुलगी २१ वर्षांची, मूळची सांगलीकडची, पुण्यात इंजिनिअरिंगला. ऑगस्टच्या शेवटी एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजवर डेन्मार्कला ऑर्हूसमध्ये गेली, जानेवारीत परत यायचंय. कोलेगियममध्ये म्हणजे तिथल्या स्टुडंट हॉस्टेलमध्ये राहते, खोली स्वतःची आणि किचन बाराजणांत मिळून. शाकाहारी आहे, अंडं चालतं. तिचं म्हणणं असं की लोक वाईट नाहीत पण थंड आहेत. बसमध्ये तिच्या शेजारची सीट रिकामी असली तरी लोक उभे राहतात. किचनमधल्या मुलांचा एकत्र जेवणाचा गट आहे, पहिल्याच आठवड्यात त्यांनी येतेस का विचारलं होतं, ही संकोचाने "नको नको, राहू दे" म्हणाली आणि नंतर कुणी पुन्हा विचारलंच नाही. एकदा फोडणी देताना फायर अलार्म वाजला, दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी: "परतताना, तळताना एक्झॉस्ट लावायला विसरू नका प्लीज, थँक्स", खाली स्मायली. तेव्हापासून ती खोलीतच ब्रेड, केळी आणि कपातल्या नूडल्स खाते. वाढदिवसाला कुणी केक आणला नाही, उलट एकाने विचारलं, "तू काही आणलं नाहीस?" आता तिथल्या चार भारतीय मुलींच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये डिसेंबरपासून एक जागा रिकामी होतेय, त्या बोलावतायत, आई म्हणते लगेच जा. तिचा प्रश्न: "मी शिफ्ट होऊ का? आणि माझ्यातच काही कमी आहे का, की इथे मला कुणी आपलं म्हणत नाही?"

अगं, सगळ्यात आधी किचनमध्ये जा आणि काहीतरी गरम करून खा, बाकीचं नंतर बोलू. खरंच सांगते, तुझं पत्र वाचताना मला बस, केक, मित्र या सगळ्यापेक्षा जास्त टोचली ती तू मध्येच कुठेतरी लिहून पुढे गेलीस ती ओळ, की वास जाऊ नये म्हणून दार लावून खोलीत नूडल्स खाते. इतके आठवडे असं खाल्लं तर माणूस ऑर्हूसमध्ये असो नाहीतर सदाशिव पेठेत, जग वाईटच दिसणार. उपाशीपोटी काढलेल्या निष्कर्षांवर माझा फारसा विश्वास नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी काही वर्षं डेन्मार्कातच, ओडेन्सला काढलीयत, त्यामुळे तू लिहिलेलं बरंचसं ओळखीचं आहे, आणि तुझ्यासारखी पत्रं दर ऑक्टोबरात येतात म्हणून जरा सविस्तरच लिहिते, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी ती चिठ्ठी. तू ती शब्दन् शब्द लिहून पाठवलीस ते बरं केलंस, कारण तिच्यात काय नाहीये ते मला बघता आलं. तुझं नाव नाही. मसाल्याचा, वासाचा, इंडियन फूडचा उल्लेख नाही. एक्झॉस्ट लावा एवढंच आहे आणि खाली स्मायली. आता आपल्याकडे कुणी असं लिहून लावलं की समजायचं प्रकरण हाताबाहेर गेलंय, सोसायटीच्या बोर्डावर "जिन्यात चपला काढू नयेत" असं लागतं तेव्हा त्याच्यामागे दोन घरांचं वर्षभराचं भांडण असतं. तिथे तसं नसतं गं. कोलेगियमच्या किचनमध्ये चिठ्ठी म्हणजे रोजचा व्यवहार आहे, भांडी घासून ठेवा, ज्याचं दूध त्यानेच प्यावं, ओव्हन बंद केला का बघा. उद्या त्या फ्रिजवर आणखी किती चिठ्ठ्या आहेत ते मोजून बघ, आणि कोण कोण त्या वाचून खोलीत जाऊन बसलंय तेही बघ. तू एकटीच असशील.

अलार्म का वाजला तेही सांगते, कारण ते तुझ्या फोडणीमुळे नाही, शेगडीमुळे. गॅसवर आपण मोहरी तडतडली की आच बारीक करतो, तिथल्या इलेक्ट्रिक शेगडीची तबकडी बंद केली तरी तापलेलीच राहते, तेल आधी काही केल्या तापत नाही आणि मग एकदम धुराला येतं. फोडणी करताना शेजारची एक तबकडी गार ठेवायची, मोहरी उडायला लागली की भांडं उचलून तिकडे सरकवायचं, मग हिंग हळद मिरची. एक्झॉस्ट आधीपासून फुल, खिडकी उघडी, झाकण हाताशी. झालं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुझ्या पत्रातल्या सगळ्या तक्रारींच्या बुडाशी एकच गृहीतक आहे असं मला वाटतं, आणि ते तुला दिसत नाहीये कारण आपण सगळेच त्यात वाढलोय. ते असं, की ज्याला मी हवीशी असेन तो पुन्हा विचारेल. आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच मुळी. पाहुणा "नको, आत्ताच जेवून आलो" म्हणतो, आपण पान मांडतो, तो "बरं अर्धीच पोळी" म्हणतो आणि चार खातो. आग्रह झाला नाही तर बायका घरी जाऊन बोलून दाखवतात, वाढलं पण आग्रह काही केला नाही हो. म्हणजे विचारणं हे अर्धंच आमंत्रण, उरलेलं अर्धं आग्रहात. तू "नको नको, राहू दे" म्हणालीस तेव्हा तुझ्या मनात पुढची दोन वाक्यं तयार होती, त्यांनी "अगं ये ना" म्हणायचं आणि तू "बरं, येते" म्हणायचं. त्यांच्याकडे ती दोन वाक्यं नाहीत. एका मोठ्या माणसाने नको म्हटलं, म्हणजे नको. त्यानंतर पुन्हा विचारणं हा त्यांच्या हिशेबाने आगाऊपणा, म्हणजे तुला तुझं कळत नाही असं म्हणण्यासारखं. त्यांनी तुझा मान राखला आणि तू रुसून बसलीस, आणि गंमत म्हणजे त्या बिचाऱ्यांना तू रुसलीयस हे माहीतसुद्धा नसणार. त्यांच्या डोक्यात तुझी नोंद "हिला एकटं राहायला आवडतं" अशी झाली असेल, आणि दार लावून खोलीत जेवून तू ती रोज पक्की करतेयस!

हे त्यांचं बरोबर आणि आपलं चूक असं मी म्हणत नाहीये बरं का. मला स्वतःला आग्रहाशिवायचं जेवण अजूनही अळणीच लागतं. पण पाच महिने तिथे राहायचंय तर त्यांचा नियम कळायला हवा, आणि तो खूपच सोपा आहे: विचारलं आणि हवं असेल तर पहिल्याच फटक्यात हो म्हण, विचारलं नाही आणि हवं असेल तर तूच विचार. मागणं तिथे लाजिरवाणं नाही. उद्या संध्याकाळी किचनमध्ये जो कुणी असेल त्याला सरळ म्हण, की मी सुरुवातीला नको म्हणाले होते पण आता मला तुमच्या जेवणाच्या गटात यायचंय, मी मांस खात नाही, माझी स्वयंपाकाची पाळी कधी येईल. एवढंच. कारणं देत बसू नकोस, सॉरी चारदा म्हणू नकोस. बहुतेक तो "हो, नाव लिही" म्हणून पुन्हा कांदा कापायला लागेल, आणि तुला वाटेल याला काही आनंद झाला नाही. झालेला असतो, दिसत नाही.

मैत्रीचं थोडं वेगळं आहे आणि तिथे मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. तिथली मुलं शाळेत पहिल्या वर्षापासून नववीपर्यंत बहुतेक करून एकाच वर्गात, त्याच वीसपंचवीस मुलांबरोबर असतात, दरवर्षी तुकड्या बदलत नाहीत. शिवाय कुणाचं हँडबॉल, कुणाचं गाणं, प्रत्येक गोष्टीसाठी एक संस्था, तिची मेंबरशिप आणि आठवड्याचा ठरलेला वार. विशीत येईपर्यंत त्यांचे जिवलग ठरलेले असतात आणि आठवडा भरलेला असतो. त्यात तू आलीस ऑगस्टमध्ये आणि जाणार जानेवारीत, हे त्यांनाही माहीत आहे. दर सेमिस्टरला किचनमध्ये नवे एक्स्चेंजवाले येतात आणि निघून जातात, तर त्यांनी दरवेळी जीव लावावा ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? जिवलग मैत्रीण नाही मिळणार कदाचित, पण रोज संध्याकाळी सहाला ज्यांच्याबरोबर जेवता येईल अशी दहाबारा माणसं नक्की मिळतील, आणि परदेशातल्या पहिल्या सेमिस्टरला ते काही थोडं नाही.

आणि तिथे काहीही "येऊन जा कधीतरी" असं ठरत नाही, तारखेवर ठरतं. लोक फोनमधलं कॅलेंडर काढतात आणि तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार देतात. आपल्याला वाटतं टाळतायत, पण तो गुरुवार खरा असतो, त्या दिवशी सहा म्हणजे सहाला ते दारात उभे असतात, बूट काढून आत येतात आणि जेवून झाल्यावर रांधणाऱ्याचे न चुकता आभार मानतात. तूही मानायचेस, आणि पाच मिनिटं उशिरा पोचत असशील तरी मेसेज टाकायचास.

बस, केक वगैरे भराभर सांगते. बसमध्ये कुणी कुणाच्याच शेजारी बसत नाही, दोन सीटची जागा रिकामी असेपर्यंत प्रत्येकजण वेगळी शोधतो आणि नाही मिळाली तर तीन स्टॉपसाठी उभा राहतो, त्यांची आजीसुद्धा तेच करते. ट्रेनमध्ये तर शांत बसायचे डबेच वेगळे असतात, तिथे आईचा व्हिडिओ कॉल घेऊ नकोस. वाढदिवसाला केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो, ऑफिसात, वर्गात, किचनमध्ये सगळीकडे, आणि बरोबर टेबलावर छोटासा लालपांढरा झेंडा, त्यांचा राष्ट्रध्वज लावायला वाढदिवस हे पुरेसं कारण असतं. तेव्हा "तू काही आणलं नाहीस?" हा टोमणा नव्हता, तो मुलगा खरोखर केकची वाट बघत होता. आणि पंचविसावं वर्ष तिथे बिनलग्नाचं गाठलंस तर मित्र रस्त्यात उभं करून अंगावर दालचिनीची पूड ओततात, तेव्हा त्यामानाने स्वस्तात सुटलीस. प्राध्यापकांना पहिल्या नावानेच हाक मार, सर म्हटल्यावर हसले ते तुझी टर उडवायला नाही. त्यांनी तुझं म्हणणं सगळ्यांसमोर खोडलं तर ते भांडण समज नको, उलट तू गप्प बसलीस तर तुझी तयारी नाही असं वाटतं त्यांना, आणि बऱ्याच परीक्षा तोंडी असतात तेव्हा ही सवय आत्ताच लावून घे.

थंड लोक म्हणतेस ना, तर एक काम कर, कधीतरी बंदराजवळच्या डॉक वन लायब्ररीत जाऊन बस. तिथे छतापासून एक प्रचंड काशाचा नळा टांगलाय, घंटा आहे ती. गावातल्या हॉस्पिटलात बाळ जन्मलं की आईबाप तिकडे एक बटण दाबतात आणि इकडे लायब्ररीत ती घंटा वाजते, ज्याला त्या बाळाशी काही देणंघेणं नाही तोही पुस्तकातून मान वर करतो. ही माणसं अशी आहेत. अनोळख्याशी बोलणार नाहीत पण त्याच्या बाळासाठी घंटा बांधून ठेवतील. मला त्याचा राग यायचा आधी, नंतर आवडायला लागलं.

आता खाण्याचं, कारण तुझी निम्मी दुखणी तिथेच आहेत आणि त्याला उपायही आहेत. डेन्मार्कमध्ये माणसांच्या जवळपास दुप्पट डुकरं आहेत, त्यामुळे पोर्क सगळीकडे असणार हे धरूनच चाल. २०१४ मध्ये लोकांनी मतं देऊन राष्ट्रीय पदार्थ निवडला तोही डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे कुरकुरीत काप, उकडलेले बटाटे आणि पार्स्लीचा पांढरा सॉस. पण त्यातच बघ, बटाटे आहेत! बटाट्यावर त्या देशाचं आपल्याइतकंच प्रेम आहे. दुपारी ते गरम जेवत नाहीत, साडेअकरा-बाराला डबा उघडतात आणि त्यात रुब्रोड असतो, तो काळा राईचा पाव. तू लिहिलंयस की तो ओला, आंबट आणि विटेसारखा आहे. असू दे. पांढऱ्या ब्रेडसारखा नुसता चावायला गेलीस तर तसाच लागणार, तो पाव नाही, ती भाकरी समजून खा. पातळ काप घे, तव्यावर दोन्हीकडून खरपूस कर, वर लोणी आणि शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी. पोटाला आधार देतो आणि दुपारी चारपर्यंत भूक लागत नाही. त्यांच्या पद्धतीनेच खायचा तर उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, थोडं मेयॉनीज, वर चिरलेली हिरवी पात आणि कुरकुरीत तळलेला कांदा, हा अस्सल डॅनिश प्रकार आहे आणि पूर्ण शाकाहारी. अंड्याचाही असतो. फक्त लिवरपोस्टाय नावाची पेस्ट टाळ, ती डुकराच्या लिव्हरची असते आणि ब्रेडवर लावलेली दिसली की चटकन कळत नाही. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, मागचं लेबल वाच. आणि काळ्या गोळ्या कुणी हसत हसत पुढे केल्या तर समजून जा, ती खारट लिकरिश आहे, तिच्यात नवसागर असतो. तुझं तोंड कसं होतं ते बघायला सगळे थांबलेले असतात. खाऊन टाक एकदा, करमणूक होते त्यांची.

आणि आता ज्याने माझा संसार चालला ते सांगते. तिथल्या दुधाच्या कपाटात कर्नेमेल्क म्हणून एक खोका मिळतो, ते ताक आहे, सरळसरळ ताक, आणि उत्तम प्रतीचं. कढी कर, मठ्ठा कर, काय वाटेल ते कर. बिनमिठाचं लोणी घे, पाकिटावर बघून घे कारण नेहमीचं खारट असतं, मंद आचेवर कढव, तुपाचा असा वास येईल की रडशील. मसूर डाळ आणि छोले कुठल्याही साध्या सुपरमार्केटात असतात. तूरडाळ, कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या यासाठी ब्राब्रँडकडच्या बाझार व्हेस्टमध्ये जा, अरब, तुर्की, सोमाली सगळ्यांची दुकानं आहेत, भाजी सुपरमार्केटपेक्षा स्वस्त आणि तिथे लोक बोलतात गं, चक्क मोठ्यांदा बोलतात, भाव विचारला तर कुठली तू ते पण विचारतात. आठवड्यातून एकदा तिथे नुसतं फिरलीस तरी बरं वाटेल.

जेवणाच्या गटात तुझी पाळी आली की घाबरू नकोस, बाराजणांसाठी पुरणपोळी करायला कुणी सांगितलं नाहीये. मसुराची आमटी, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. तिखट बेताचं ठेव आणि ठेचा वेगळ्या वाटीत, सांगून. करी त्यांना नवीन नाही, करी पावडरच्या पिवळ्या सॉसमधले मांसाचे गोळे आणि भात हे तिथल्या प्रत्येक पोराचं लहानपणीचं जेवण असतं, फक्त त्या करीत आपल्याला ओळखू येईल असं काही नसतं. बोलायला विषय हवा असेल तर तरंगंबाडी काढ, तमिळनाडूतलं ते बंदर १६२० पासून १८४५ पर्यंत डेन्मार्ककडे होतं, त्यांचा किल्ला अजून उभा आहे, अर्ध्या मुलांना माहीत नसतं आणि जेवण संपेपर्यंत सगळे फोनवर शोधत बसतात.

दिवाळीचंही बघ. यंदा घरी नाहीस म्हणून रडू आलं असं लिहिलंयस, तर त्यांना बोलाव ना. तारीख दोनतीन आठवडे आधी ठरव, किचनच्या बोर्डावर लिही, सहा वाजता, काय असेल ते लिही, कोण येणार त्याने नाव लिहावं म्हणून जागा ठेव. नेमक्या दिवशी नाही जमलं तरी बिघडत नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत आपली दिवाळीच असते. पणत्यांच्या जागी मेणबत्त्या चालतील, त्या तर त्यांच्या प्रत्येक ड्रॉवरमध्ये असतात, नाश्त्याला पण लावतात.

आता एक नाजूक गोष्ट. मी आतापर्यंत सगळं "त्यांची पद्धत" म्हणून सांगितलं, पण दरवेळी पद्धतच असते असं नाही. डेन्मार्कमध्ये बाहेरच्या लोकांबद्दलचं राजकारण बरंच कडक आहे, तू ज्या बाझारला जाशील त्याच्या शेजारची गेलेरूपची वस्ती सरकारच्या नकोशा वस्त्यांच्या यादीत अनेक वर्षं राहिलीय, आणि रंगावरून कुणी काही बोललं असं होऊ शकतं. तू लिहिलेल्या गोष्टींत मला ते दिसलं नाही. ओळखायचं साधं माप माझ्याकडे हे आहे: जे ते एकमेकांशीही तसंच वागतात ती पद्धत, आणि जे फक्त तुझ्याशीच वागतात त्याचा संशय घ्यायचा. तसं काही झालंच तर पद्धत म्हणून गिळू नकोस, तारीख वेळ लिहून ठेव आणि युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला सरळ सांग. तिथे तक्रार करणाऱ्याला भांडखोर समजत नाहीत.

मग शिफ्ट व्हायचं का? तू विचारलंस तेव्हा तुझ्या सुरातच होतं की भारतीय मुलींकडे जाणं म्हणजे हरणं. ते मला पटत नाही. चार आपल्या माणसांत राहून, वरणभात खाऊन शांत झोप लागत असेल तर त्यात कसली हार? मी कुणाला "डॅनिश लोकांत मिसळलीस तरच एक्स्चेंज सार्थकी लागलं" असं सांगणार नाही. पण तुझ्या आईच्या "लगेच जा" लाही माझा लगेच होकार नाही, कारण तू तिकडे जायला निघालीयस ते त्या मुली आवडतात म्हणून नाही, एका चिठ्ठीपासून पळायला म्हणून. शिवाय व्यवहार बघ. कोलेगियमचा करार काढून नोटिशीची मुदत वाच, बऱ्याच ठिकाणी महिन्याहून जास्त असते आणि दोन्हीकडचं भाडं अंगावर पडू शकतं, दीड महिन्यासाठी. फ्लॅटच्या करारात तुझं नाव येणार का, त्या पत्त्यावर नोंदणी करू देणार का, हेही विचार, तिथे पत्त्याची नोंदणी झाली नाही तर बाकीची कागदपत्रं अडकतात.

मी तुझ्या जागी असते तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निर्णय लांबवला असता आणि तोवर तीन गोष्टी केल्या असत्या: जेवणाच्या गटात नाव, रविवारचं जेवण त्या मुलींकडे ठरवून टाकणं, आणि आठवड्यात ठरलेल्या वाराची एक गोष्ट, मग ती स्टुडेंटरहूस म्हणजे विद्यार्थ्यांच्या केंद्रातला लँग्वेज कॅफे असो, बॅडमिंटन असो की डिपार्टमेंटचा फ्रायडे बार. बारमध्ये दारू प्यायलाच पाहिजे असं नाही, सोडा घेऊन उभी राहा, आणि तिथली गंमत अशी की सोमवारी ओळख न दाखवणारी मुलं शुक्रवारी तुला आयुष्याची कहाणी सांगतात. (सोमवारी पुन्हा ओळख दाखवणार नाहीत, मनावर घेऊ नकोस.) एवढं करूनही जीव रमला नाही तर खुशाल शिफ्ट हो, मला परत विचारायचीही गरज नाही.

दुसरं, अंधाराला कमी लेखू नकोस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि मग दुपारीच संध्याकाळ होते, डिसेंबरात पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि पावणेचारच्या आत सूर्य गेलेला असतो. भल्याभल्यांचं मन उतरतं त्या दिवसांत, आपल्याच स्वभावात काही बिघडलंय असं वाटायला लागतं. "माझ्यातच काही कमी आहे का" या प्रश्नाचं अर्धं उत्तर कदाचित तिथेच आहे, उरलेलं त्या नूडल्सच्या कपात. दुपारी जेवढा उजेड असेल तेवढा वेळ बाहेर चाल, सायकलचे दोन्ही दिवे चार्ज ठेव, आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांना तिथली आरोग्य यंत्रणाच ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्यायला सांगते, त्या सुरू कर. दोन आठवड्यांच्या वर रडू येत राहिलं, झोप उडाली, तर तुझ्या पिवळ्या हेल्थ कार्डावर डॉक्टरचं नाव छापलेलं आहे, त्यांना फोन कर, पैसे पडत नाहीत. विद्यार्थ्यांसाठी मोफत समुपदेशनाची सरकारी सोयही आहे, ऑर्हूसमध्ये तिचं ऑफिस आहे.

ख्रिसमसचं मात्र आत्ताच ठरव. कोलेगियम रिकामं होतं, २४ च्या दुपारपासून २६ पर्यंत दुकानंही बहुतेक बंद. किचनमधल्या कुणीतरी "तू काय करणारेस त्या दिवशी" असं विचारलं तर ते सहज विचारलेलं नसतं, घरी न्यायचा विचार चालू असतो, तेव्हा "माझं काही नाही ठरलं" असं स्पष्ट सांग आणि ये म्हणाले तर लगेच हो म्हण. बदकाचं भाजलेलं मांस तुझ्या कामाचं नाही, पण साखरेत घोळवलेले बटाटे, गोडसर लाल कोबी आणि शेवटी बदामाची थंडगार भाताची खीर, वर गरम चेरीचा सॉस. त्यात एकच अख्खा बदाम असतो, ज्याला मिळेल त्याने तो गालात लपवायचा आणि बाकीच्यांना खीर संपेपर्यंत खायला लावायचं, मग बक्षीस. कुणी विचारलंच नाही तर त्या चार मुलींबरोबर ते तीन दिवस ठरवून टाक, एकटी राहू नकोस.

आईला माझा निरोप सांग, की पार्सल पाठवणार असाल तर तूप, पेढे, खवा अजिबात टाकू नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ पार्सलने आणायला बंदी आहे, जप्त होतात. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सुक्या चटण्या पाठवा. आणि हिंगाची डबी दोनतीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधा, नाहीतर सगळ्या पार्सललाच तो वास लागेल.